सुपरलूप पुरेना झालाय, आरटीओएस शिकायला सुरुवात कुठून करू?

लुकलुकता_एलईडी

नमस्कार मंडळी. बेअर मेटलवर (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय, थेट चिपवर) बऱ्यापैकी हात बसलाय, डेटाशीट उघडून पेरिफेरल चालू करता येतात, पण आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) आणि त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, म्हणून जे काही असतं त्याच्या वाटेला अजून गेलेलो नाही. आता जावं लागणार असं दिसतंय.

हातात न्यूक्लिओ बोर्ड आहे, एसटीएम३२एफ४४६वाला (कॉर्टेक्स-एम४ गाभ्याचा मायक्रोकंट्रोलर). त्यावर एक छोटी गाडी चालवतोय. दर ५ मिलिसेकंदांनी एन्कोडर (चाक किती फिरलं ते सांगणारा सेन्सर) वाचून मोटरचा पीआयडी (वेग ताब्यात ठेवणारं गणित), यूएआर्टवर (सिरियल जोडणीवर) ९६०० बॉडने जीपीएस, आयटूसीवर (दोन तारांच्या बसवर) १२८ बाय ६४चा ओलेड पडदा आणि मेनूसाठी दोन बटणं. सगळं एका व्हाइल-वनमध्ये (न संपणारा लूप, तोच सुपरलूप) एकाखाली एक. ओलेडवर चित्र पाठवायला लागलो की चाकं हिसके देतात आणि जीपीएसची वाक्यं मधेच तुटून येतात. ओलेडची ओळ कॉमेंट केली की दोन्ही सुतासारखं सरळ.

जो तो सांगतो, आरटीओएस टाक. फ्रीआरटीओएसचं मॅन्युअल उघडलं तर टास्क, क्यू, सेमाफोर, म्यूटेक्स, इव्हेंट ग्रुप, स्ट्रीम बफर, टास्क नोटिफिकेशन अशी मोठी जंत्री. क्यूबच्या (एसटीच्या कॉन्फिगरेशन टूलच्या) मेनूत टिक मारली तर टास्क तयार होऊन चालतातही. पण मेन फंक्शन शेड्युलर (कुठलं टास्क कधी चालायचं ते ठरवणारा भाग) सुरू करतं आणि तिथून परत येतच नाही. पुढे कोण कोणाला बोलावतं? न कळता वापरणं मला पचत नाही.

तर आधी वापरायचं आणि मग आत बघायचं, की उलट? असेंब्ली किती लागेल? आणि फ्रीआरटीओएस की झेफर (तोही एक आरटीओएसच)?

पोलिंगप्रेमी

एवढ्यासाठी कर्नल कशाला? ओलेडचा डेटा डीएमएवर (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरवर) टाका, जीपीएसला यूएआर्ट इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरला बोलावणारा इशारा) आणि रिंग बफर द्या, पीआयडी टायमर इंटरप्टमध्ये हलवा. बटणं राहू द्या लूपमध्ये. संध्याकाळपर्यंत गाडी सरळ चालेल. आरटीओएस घातलात की जिथे एक बग होता तिथे दोन होतील, आणि दुसरा दर खेपेला वेगळ्या जागी दिसेल.

मोजून_बघा

पोलिंगप्रेमींचा उपाय या गाडीला चालेल, त्यात वाद नाही. पण तुम्हाला शिकायचंय, आणि त्यासाठी ही गाडी झकास आहे, कारण दुखणं आकड्यात मांडता येतं. कर्नलचं नाव काढण्याआधी ते मांडूया.

ओलेडची एक पूर्ण फ्रेम म्हणजे १०२४ बाइट. आयटूसीवर एका बाइटला अ‍ॅकसकट (पोच देणाऱ्या बिटासकट) ९ क्लॉक लागतात, म्हणजे ९२१६ क्लॉक. बस ४०० किलोहर्ट्झवर असेल तर सुमारे २३ मिलिसेकंद. १०० किलोहर्ट्झवर असेल तर ९२. (आधी हे तपासा, पुष्कळदा बस १००वरच राहिलेली असते.) या २३ मिलिसेकंदांत तुमच्या पीआयडीच्या चार पाळ्या बुडतात. जीपीएसचा बाइट ९६०० बॉडला साधारण दर मिलिसेकंदाला एक येतो आणि एफ४च्या यूएआर्टमध्ये आलेला बाइट ठेवायला एकच डेटा रजिस्टर आहे. तुम्ही उचलला नाही की पुढचा येऊन ओव्हररन. वीसेक बाइट गेले की वाक्य तुटणारच. घोडं इथे पेंड खातंय.

आरटीओएस हे २३ मिलिसेकंद कमी करत नाही. उलट स्वतःचे थोडे खर्च करतो. तो ठरवतो इतकंच, की कोणी कोणासाठी थांबायचं. आज ते तुमच्या ओळींचा क्रम ठरवतो, उद्या प्राधान्य ठरवेल. ओलेडचं टास्क सगळ्यांत खाली ठेवलंत तर त्याचे २३चे २६ होतील आणि बघणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. मास्टर तुम्हीच असल्यामुळे दोन बाइटच्या मधे बस ताटकळली तरी बिघडत नाही. पीआयडी मात्र मधे घुसून आपलं काम करून जाईल.

आता आधी आत की आधी वापर. माझं मत ठाम आहे: एकदाच, फक्त दोन टास्कचा स्विचर (एका टास्कवरून दुसऱ्यावर नेणारा कोड) स्वतः लिहा, चालला की बाजूला ठेवा आणि फ्रीआरटीओएसकडे या. तो स्विचर कुठल्याही खऱ्या कामात वापरू नका. असेंब्ली पंचवीसेक ओळींची लागते, त्यातल्या निम्म्या ओळी पुश-पॉपच्या.

कॉर्टेक्स-एमने हे काम फार सोपं करून ठेवलंय. इंटरप्ट आला की हार्डवेअर स्वतःच आठ रजिस्टर चालू स्टॅकवर ठेवतं: आर०, आर१, आर२, आर३, आर१२, लिंक रजिस्टर, प्रोग्राम काउंटर, एक्सपीएसआर (फ्लॅग आणि स्थितीचं रजिस्टर), याच क्रमाने. राहिलेली आर४ ते आर११ तुम्ही ठेवायची. मग स्टॅक पॉइंटर जुन्या टास्कच्या नोंदीत लिहायचा, नव्या टास्कचा उचलायचा, त्याची आर४ ते आर११ काढायची आणि इंटरप्टमधून परत फिरायचं. हार्डवेअरला वाटतं आपण आलो तिथेच चाललोय, प्रत्यक्षात ते दुसऱ्याच टास्कमध्ये उतरतं. एवढाच तो प्रकार. टास्कसाठी पीएसपी आणि इंटरप्टसाठी एमएसपी असे दोन स्टॅक पॉइंटर आहेतच.

अवघड भाग आहे तो कधीच न चाललेल्या टास्कचा. त्याच्या स्टॅकवर काहीच नसतं, म्हणून खोटी चौकट आपणच रचायची: प्रोग्राम काउंटरच्या जागी टास्क फंक्शनचा पत्ता आणि एक्सपीएसआरमध्ये थम्बचा (कॉर्टेक्स-एमच्या इन्स्ट्रक्शन संचाचा) २४वा बिट चढवलेला. तो बिट विसरलात तर पहिल्याच उडीला हार्डफॉल्ट (गंभीर चूक झाल्यावर प्रोसेसर जिथे जाऊन पडतो तो इंटरप्ट). आणि पहिल्या खेपेला कंपायलर सॉफ्ट-फ्लोटवर ठेवा. एफ४४६मध्ये एफपीयू (फ्लोटचं गणित करणारं हार्डवेअर) आहे, तो वापरात आला की चौकट आठ शब्दांची सव्वीस होते आणि नसता गोंधळ वाढतो.

स्विच सिसटिकमध्ये (ठरावीक वेळाने येणाऱ्या टिकच्या इंटरप्टमध्ये) करू नका, पेंडएसव्हीमध्ये (सॉफ्टवेअरने मागून घ्यायच्या इंटरप्टमध्ये) करा आणि पेंडएसव्हीला सर्वांत खालचं प्राधान्य द्या. सिसटिक दुसऱ्या इंटरप्टच्या मधेही येऊ शकतो. तिथेच टास्क बदलायला गेलात तर तो बिचारा इंटरप्ट अर्धा लटकतो. सिसटिकने फक्त पेंडिंगचा बिट लावायचा. बाकी सगळे इंटरप्ट आटोपले की पेंडएसव्ही आपोआप येतो.

चालायला लागलं की डीबगरमध्ये पेंडएसव्हीच्या पहिल्याच ओळीवर ब्रेकपॉइंट टाका. मेमरी विंडोत पीएसपीचा पत्ता द्या, ३२-बिट शब्दांत बघा आणि मोजा: सहावा शब्द लिंक रजिस्टर, सातवा प्रोग्राम काउंटर. सातव्या शब्दातला पत्ता डिसअसेंब्लीत शोधा, टास्क नेमक्या कुठल्या ओळीवर तुटलं ते दिसेल. आठवा शब्द ६१ने सुरू होताना दिसला तर घाबरू नका, वरचे बिट फ्लॅगचे असतात, थम्बचा बिट १ असला की झालं. पुढे कधी हार्डफॉल्ट आला तर हाच सातवा शब्द बघायचा असतो. या सगळ्या खटाटोपातून मिळणारी सर्वांत टिकाऊ गोष्ट मला हीच वाटते.

मेन परत का येत नाही, तेही इथेच उलगडतं. फ्रीआरटीओएस एसव्हीसी (सॉफ्टवेअरनेच उठवलेल्या) इंटरप्टमधून पहिल्या टास्कमध्ये उतरतो आणि त्याआधी एमएसपी पुन्हा स्टॅकच्या सुरुवातीला नेऊन ठेवतो. मेनचा स्टॅक तिथून पुढे इंटरप्टच्या वापरात. म्हणून मेनमधल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता टास्कला कधी देऊ नका. थोडा वेळ बरोबर चालेल आणि मग वाटेल ते वाचाल.

फ्रीआरटीओएसच्या जंत्रीला भिऊ नका. गाभा म्हणजे टास्क, क्यू (टास्कमधली निरोपांची रांग) आणि लिस्ट अशा तीन सी फाइली, शिवाय तुमच्या प्रोसेसरची पोर्ट फाइल. सेमाफोर (टास्कला जागं करायचा इशारा) आणि म्यूटेक्ससुद्धा (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) क्यूच्याच फाइलीत आहेत. बायनरी सेमाफोर म्हणजे लांबी १ आणि वस्तूचा आकार ० असलेली क्यू. क्यू नीट समजली की निम्मी जंत्री समजली. इव्हेंट ग्रुपला तूर्त हात लावू नका.

गाडीला टास्क तीनच पुरेत: पीआयडी वर, जीपीएस मधे, ओलेड खाली. बटणांना वेगळं टास्क देऊ नका, ओलेडच्याच टास्कमध्ये वाचा, मेनू तिथेच आहे. पीआयडीत साधा डिले नको, डिले-अनटिल घ्या. साधा डिले 'आत्तापासून पाच टिक' मोजतो. एखाद्या पाळीत काम टिक ओलांडून गेलं की पाचचे सहा होतात आणि सरकलेला टिक परत मिळत नाही. डिले-अनटिल मागच्या जागं होण्यापासून मोजतो. आणि टास्कमध्ये एचएएलचा (एसटीच्या ड्रायव्हर लायब्ररीचा) डिले मुळीच नको. तो थांबत नाही, नुसता फिरत बसतो आणि खालच्या टास्कना उपाशी ठेवतो.

टास्क बनवताना स्टॅकचा आकार बाइटमध्ये नसतो, शब्दांत असतो. १२८ म्हणजे ५१२ बाइट. (ईएसपी३२च्या आवृत्तीत तोच आकडा बाइटमध्ये असतो, तिकडचा कोड उचलताना जपून.) जीपीएसच्या टास्कमध्ये फ्लोटवाला प्रिंटएफ घातलात तर ५१२ कुठल्या कुठे जातील. स्टॅक ओव्हरफ्लो तपासणीची दुसरी पद्धत आणि असर्ट (चूक दिसली की तिथेच थांबवणारी तपासणी) दोन्ही पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. या मॅक्रोंना आळस केला की सगळं मुसळ केरात. हाय-वॉटर मार्क (स्टॅक कमीत कमी किती शिल्लक राहिला तो आकडा) अधूनमधून छापून बघत जा.

डिव्हाइसट्रीवाला

झेफरची बाजू कोणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितो. लिनक्स फाउंडेशनखाली २०१६पासून चालू आहे, ड्रायव्हर भरपूर, एकच कोड दुसऱ्या कंपनीच्या चिपवर फारसा न बदलता चढतो. नोकरीच्या दृष्टीने बघत असाल तर आज ना उद्या शिकाच. पण एलईडी लुकलुकवायच्या आधी डिव्हाइसट्री (हार्डवेअरचं वर्णन), के-कॉन्फिग (काय हवं-नको ते निवडायची सोय) आणि वेस्ट (झेफरचं कमांड टूल) या तिघांशी ओळख करून घ्यावी लागते. तुमचा प्रश्न शेड्युलर आतून कसा चालतो हा असेल, तर नमनालाच घडाभर तेल होईल. त्यासाठी फ्रीआरटीओएस बरा, असं मीही म्हणेन.

मोजून_बघा

झेफरबद्दल हेच लिहिणार होतो. फ्रीआरटीओएस रिचर्ड बॅरी यांनी सुरू केला, २०१७पासून तो अ‍ॅमेझॉनकडे आहे, परवाना एमआयटी. इतकी वर्षं टिकलाय, त्यामुळे अडलात तर विचारायला माणसं मिळतात.

लुकलुकता_एलईडी

मनापासून आभार. बस खरंच १०० किलोहर्ट्झवर होती! स्विचर लिहिला, दोन एलईडी वेगवेगळ्या वेगाने लुकलुकतायत आणि सातव्या शब्दातला पत्ता डिसअसेंब्लीत सापडला तेव्हा फार बरं वाटलं.

मग फ्रीआरटीओएसवर आलो. पीआयडी आणि ओलेड एकत्र चालतात, हिसके गेले. जीपीएसचा इंटरप्ट चालू केला आणि पहिल्याच बाइटला सगळं ठप्प. डीबगर सांगतो, पोर्ट फाइलमधल्या असर्टमध्ये अडकलंय, इंटरप्टचं प्राधान्य तपासणारं काहीतरी फंक्शन आहे. इंटरप्टमधून मी फ्रॉम-आयएसआरवालंच (इंटरप्टमधून वापरायला दिलेलं) फंक्शन बोलावतोय, साधं नाही. यूएआर्टला एनव्हीआयसीत (इंटरप्ट सांभाळणाऱ्या हार्डवेअरमध्ये) फक्त एनेबल केलंय, बाकी काही नाही.

मोजून_बघा

शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. फक्त एनेबल केलंत म्हणजे प्राधान्य रीसेटनंतरचं, शून्य. आणि कॉर्टेक्स-एममध्ये शून्य म्हणजे सर्वांत वरचं.

एसटीएम३२एफ४मध्ये प्राधान्याचे ४ बिट, म्हणजे ० ते १५. फ्रीआरटीओएसच्या कॉन्फिगमध्ये सिस्टिम कॉलसाठी एक मर्यादा असते, क्यूबने बहुधा ५ ठेवली असेल. ५ ते १५ मधल्या इंटरप्टनाच कर्नलची फंक्शनं बोलवायची परवानगी, फ्रॉम-आयएसआरवालीसुद्धा त्यांनाच. यूएआर्टला ६ द्या, झालं. प्राधान्याचे चारही बिट प्रीएम्प्शनकडे (कोणी कोणाला मधेच थांबवायचं ते ठरवायला) आहेत ना, तेवढं पाहा. घोटाळा असा की टास्कची प्राधान्यं नेमकी उलट असतात, तिथे मोठा आकडा वरचा.

ही मर्यादा आहे कशाला? आपल्या याद्या हलवताना कर्नलला मधे कोणी यायला नको असतं. पण तो सगळे इंटरप्ट बंद करत नाही, बेसप्राय रजिस्टरमध्ये ५ची पातळी लावून ५ आणि त्याखालच्या प्राधान्याचेच (म्हणजे ५ ते १५) अडवतो. ० ते ४ मधल्यांना कर्नल कधीच उशीर करत नाही, बदल्यात त्यांनी कर्नलला हात लावायचा नाही. एन्कोडरच्या धारा इंटरप्टने मोजत असाल तर त्यांना तिथे बसवा, नुसता काउंटर वाढवायचा असतो. (कॉर्टेक्स-एम०मध्ये बेसप्राय नाही, तिथे ही चैन मिळत नाही.)

आणखी दोन गोष्टी, विचारायच्या आधीच. फ्रॉम-आयएसआरवालं फंक्शन 'वरच्या प्राधान्याचं टास्क जागं झालं का' हे एका व्हेरिएबलमध्ये सांगतं. ते इंटरप्टच्या शेवटी यील्डला द्या. नाही दिलंत तर जागं झालेलं टास्क पुढच्या टिकपर्यंत ताटकळतं आणि तुम्ही म्हणाल आरटीओएस मंद आहे. दुसरं, एचएएल स्वतःचा टिकही सिसटिकवरच चालवायला बघतो. त्याला टायमर ६ द्या, सिसटिक कर्नलकडे राहू द्या.

प्रत्येक टास्क किती वेळ खातं ते डीडब्ल्यूटीच्या (प्रोसेसरमधल्या मोजणी युनिटच्या) सायकल काउंटरने मोजा. १८० मेगाहर्ट्झला एक मिलिसेकंद म्हणजे १,८०,००० सायकल, मोजायला ऐसपैस जागा आहे. लघुतम आवर्तनाला (सर्वांत कमी वेळाने पुन्हा येणाऱ्या टास्कला) वरचं प्राधान्य, हा लियू आणि लेलँड या संशोधकांचा १९७३चा निकाल. तीन स्वतंत्र टास्कना मिळून प्रोसेसरचा साधारण ७८ टक्के वेळ लागत असेल तोपर्यंत एकही मुदत चुकणार नाही याची हमी. तुमचं गणित त्याच्या बरंच खाली येईल, ओलेड बाइटबाइट पोल करत पाठवत नसाल तर.

मंगळ_वॉचडॉग

गाडी आहे आणि जीपीएस आहे म्हणजे पुढे कंपास लागणार, आणि तो ओलेडच्याच आयटूसीवर टांगला जाणार. म्हणून आत्ताच सांगतो.

बस दोघांत वाटायची तर म्यूटेक्स घ्या, बायनरी सेमाफोर नको. फ्रीआरटीओएसच्या म्यूटेक्समध्ये प्राधान्याचा वारसा (कुलूप धरलेल्या टास्कला तेवढ्यापुरतं वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य मिळणं) आहे, सेमाफोरमध्ये नाही. १९९७मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान ज्यामुळे पुन्हापुन्हा रीसेट होत होतं ते हेच. हवामानाचं खालच्या प्राधान्याचं टास्क कुलूप धरून बसायचं, मधल्या प्राधान्याची टास्कं त्याला चालू द्यायची नाहीत, आणि बसचं वरचं टास्क त्या कुलपासाठी खोळंबायचं. शेवटी वॉचडॉग (अडकलेली सिस्टिम रीसेट करणारी राखण) सगळंच रीसेट करायचा. कर्नल व्हीएक्सवर्क्स होता. त्यात वारशाची सोय होती, त्या कुलपापुरती बंद होती. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीत दोष पुन्हा घडवून पाहिला आणि मग इथूनच ती चालू केली.

पण तुमच्या बाबतीत वारसाही पुरणार नाही. ओलेडचं टास्क कुलूप लावून अख्खी फ्रेम पाठवत असेल तर त्याला कितीही वर चढवा, बस २३ मिलिसेकंद अडलेलीच. फ्रेम एकदम पाठवू नका. ओलेडची चिप एसएसडी१३०६ असेल तर फ्रेमचे १२८ बाइटचे आठ पेज होतात, एका पेजला साधारण ३ मिलिसेकंद. प्रत्येक पेजनंतर कुलूप सोडा.

मोजून_बघा

आणि कंपास पीआयडीच्या टास्कमधून वाचू नका. ५च्या पाळीत ३ मिलिसेकंद थांबायची पाळी आली तर कुलूप असून नसून सारखंच. कंपासला वेगळं टास्क द्या, त्याने शेवटचं वाचन एका लांबीच्या क्यूमध्ये ओव्हरराइटने टाकावं, पीआयडीने न थांबता नुसतं डोकावून घ्यावं.

लुकलुकता_एलईडी

यूएआर्टला ६ दिल्यावर जीपीएसची वाक्यं अखंड येतायत, यील्डही घातला. कंपास खरंच घेतलाय आणि त्याच बसवर जोडणार होतो. पण पिना मोकळ्या आहेत. दुसऱ्या आयटूसीवर टाकला तर म्यूटेक्स लागणारच नाही ना?

मंगळ_वॉचडॉग

नाही लागणार. एफ४४६वर एकाहून जास्त आयटूसी आहेत. पुल-अप रेझिस्टर तेवढे वेगळे लावा.